बाळंतिणीच्या खोलीतली पिल्लं

मला गावात तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. एकवीस वर्षं अंगणवाडी चालवली, तोंड नसतं तर सुकडीचं पोतं रस्त्यातच संपलं असतं. पण ज्योतीचं सांगायचं म्हटलं की याच तोंडानं काय काय करून ठेवलंय तेही सांगावं लागतं, आणि ते मला जड जातं. तरी सांगते. मागून दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

ज्योती म्हणजे बायडाबाईची धाकटी. आमची वाडी पाथर्डी तालुक्यात, माणिकदौंडीच्या डोंगराला लागून. दिवाळी झाली की निम्मं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जातं. मागं म्हातारी माणसं, शेरडं आणि माझ्यासारखी नोकरीवाली राहतात. ज्योती दहा-अकरा वर्षांची असल्यापासून आईबापाबरोबर तोडीला जायची. सातवीपर्यंत शिकली तीही अशीच, सहा महिने शाळेत आणि सहा महिने फडात. फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. पण बडबडी! तोडीवरून आली की अंगणवाडीच्या दारात येऊन मुकादमाची नक्कल करून दाखवायची, कमरेवर हात ठेवून, घसा खाकरून. लेकरं तर हसायचीच, मीही हसून हसून खडू खाली टाकायची. अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा जालिंदर घाटाखालचा, तोही तोडीवालाच. वर्ष-दीड वर्षानं पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. त्र्याण्णव सालचा डिसेंबर होता तो. बाप वैजनाथ तोडीवर गेलेला, घरी मायलेकी दोघीच.

बाळंतिणीची खोली आमच्याकडे कशी करतात ते सांगते. घरातली सगळ्यात आतली, अंधारी खोली घ्यायची. झरोका असेल तर चिंध्यांचा बोळा कोंबून बुजवायचा. दाराला पोत्याचा पडदा. भिंतीच्या फटी शेणामातीनं लिंपायच्या. बाजेखाली घमेल्यात बाभळीचे निखारे, त्यावर ओवा-शेपाची धुरी. बाळंतिणीला वारं लागलं तर बाधतं, लेकराला लागलं तर लेकरू दगावतं, असं म्हाताऱ्या सांगतात. त्यात त्या वर्षीची थंडी. सकाळी रांजणातलं पाणी दाताला लावता येत नव्हतं. बायडाबाईनं खोली अशी बंदिस्त केली की वाऱ्याला आत शिरायला जागा नाही, आणि स्वतः बाहेर ओसरीत, दाराला पाठ लावून झोपायची. सगळं मायेनंच करत होती.

मी ती खोली तेव्हा पाहिली नाही. आम्ही बौद्ध. त्यांच्या ओसरीत मला पोतं टाकून बसवायचे, चहाही द्यायचे वेगळ्या कपात, पण आत ये असं कुणी म्हणायचं नाही, आणि बोलावल्याशिवाय जायला माझंही काही अडलेलं नव्हतं. वजन करायला ताणकाटा घेऊन गेले तर बायडाबाईनं लेकरू बाहेर आणून दिलं. मुलगा, दोन किलो आठशे, जावळ काळंभोर. वजन लिहिलं आणि आले.

नवव्या दिवशी सकाळी ते लेकरू मेलेलं सापडलं. ज्योतीला गदागदा हलवून उठवावं लागलं. उठली ती भडभडून ओकली, डोकं धरून बसली, आणि लेकरू कुशीला गार पडलेलं. अंगावर खूण नाही, ताप नाही, खोकला नाही, रात्री नीट प्यालेलं. बायडाबाईच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, "अगं ए बये, आंगाखाली घेतलंस का गं लेकराला?" दुःखात माणूस काहीही बोलतं, पण ते वाक्य तिथून उठलं आणि तासाभरात वाडीभर झालं. लेकरू मेलं तरी हिला जाग नाही, असली कसली गं ही झोप! भेटायला आलेली सासू ओसरीतच बोलली, "झोपाळू हाय म्हनून म्या आदीच वळाखलं हुतं." नंतर जालिंदर आला, दहा मिनिटं बसला, चहा न पिता गेला. न्यायला पुन्हा कुणी आलं नाही.

आणि मी काय केलं? माझ्या अहवालात बालमृत्यूचं कारण लिहायला एक रकाना असतो. मी लिहिलं, 'झोपेत मातेच्या अंगाखाली दबून.' पाहिलं होतं का मी? नाही. सगळे म्हणत होते, म्हणून लिहिलं, सही केली, पाठवून दिलं.

ती रडली असती तर बरं झालं असतं. रडलीच नाही. मुकादमाची नक्कल करणारी ती पोरगी दोन वर्षं 'व्हय' आणि 'न्हाई' यापलीकडं बोलली नाही. सांगितलेलं सगळं करायची. भाकरी थाप म्हटलं की थापायची, पाणी आण म्हटलं की आणायची. एकदा हापशावर पाहिलं, हंडा भरून वाहतोय आणि ही हापसतेच आहे. "ज्योते, भरला गं," म्हटलं तेव्हा थांबली. डोळे उघडे, पण त्यात कुणी नसल्यासारखं. वाडीतल्या बायांचं तर काय सांगू! एखादं रांगतं लेकरू तिच्या दिशेनं निघालं की आई लगबगीनं उचलून घ्यायची. ज्योतीला ते दिसायचं. ती मान दुसरीकडे वळवायची, एवढंच. मला त्या बायांचा असा संताप यायचा, पण मीसुद्धा अंगणवाडीत कधी तिच्या मांडीवर लेकरू दिलं नाही. का दिलं नाही, हे मला कुणी विचारू नका.

शहाण्णव सालच्या जानेवारीत पंचायत समितीकडून बायकांना कोंबडीची पिल्लं द्यायची योजना आली. एकेका गावात एकीला शंभर पिल्लं. नाव मी सुचवायचं होतं. मी ज्योतीचं नाव दिलं. खरं सांगते, पिल्लांशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या मनात एवढंच होतं की हिच्या हाताखाली काहीतरी जिवंत राहिलं पाहिजे. एक महिना जरी ती पिल्लं जगली, तरी हिला कळेल की आपल्याजवळ आलेलं सगळं मरत नाही.

सांगायला गेले तर दोन वर्षांत पहिल्यांदा ती लांब वाक्य बोलली. "बाई, माज्यापाशी नका दिऊ. माज्या हातून मरत्याल ती."

"मरतील ती मरतील," मी खेकसले. "शंभर मेली तरी तुला फाशी द्यायला कुणी येणार नाही."

बायडाबाईनं मला बाजूला घेतलं. "भारतीबाई, पोरगी इचार करून बोलतीय ती. खरंच मेली तर? पोरगी हातची जाईल हो माजी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, तुम्ही आहात ना, तुम्ही लक्ष द्या. ते तिनं मनावर घेतलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जीपमधून भोकाभोकांची खोकी आली. बरोबर पशुवैद्यकीय दवाखान्याचा महेंद्र साळवे, वय पंचवीसच्या आसपास, स्वभावानं गरीब आणि बोलायला लागला की न थांबणारा. गावात त्याला कोंबडीडॉक्टर म्हणायचे. खोकी उघडली तर पिवळी पिवळी, एक दिवसाची पिल्लं, नव्व्याण्णव जिवंत. जमलेल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कोंबड्या आमच्याकडे कुणाच्या घरी नाहीत? पण खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते, पिल्लं काढते, पंखाखाली घेऊन हिंडते; आपण वरून डालं झाकलं की झालं. एक म्हातारी म्हणाली, "आरं पर ह्यांची कोंबडी कुठंय?"

साळवेनं होल्डरला लावलेला मोठा बल्ब वर धरला. "ही कोंबडी."

सगळ्या हसल्या. ज्योती हसली नाही, पण बल्बकडे बघत राहिली.

साळवेनं ओसरीच्या कोपऱ्यात पत्र्याचं गोल रिंगण केलं, खाली भुसा, त्यावर वर्तमानपत्र, मध्ये उलटं टांगलेलं डालं आणि त्यात बल्ब. प्रत्येक पिल्लाची चोच गुळाच्या पाण्यात बुडवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. मक्याचा भरडा कागदावरच टाकायचा. शेपटीखाली घाण चिकटून वाट बंद झाली तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायची. आणि तो म्हणाला, "ताई, थर्मामीटर वगैरे विसरा. पिल्लांकडं बघा. ढीग करून एकमेकांवर चढली तर थंडी वाजतीय. कडेला पळून चोच वासून बसली तर गरम होतंय. सगळीकडं सारखी पसरून बसली की समजायचं, बेस चाललंय." ज्योतीनं मान हलवली. साळवे पुढच्या शुक्रवारी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा, डोस घेऊन येतो म्हणाला आणि गेला.

मी रोज अंगणवाडी सुटली की चक्कर मारायची. पहिल्या दिवशी ज्योती रिंगणापासून चार हात लांब बसलेली, हात मांडीखाली दाबून. दाणापाणी बायडाबाईच करत होती. दुसऱ्या दिवशी दोन पिल्लांची वाट बंद झाली. बायडाबाईला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून ज्योतीला हात लावावा लागला. डाव्या तळव्यावर पिल्लू, उजव्या हातात बोळा. श्वास रोखून बसली होती. पुसून झाल्यावर पिल्लू खाली सोडलं आणि ते धावत जाऊन पाणी प्यायलं, तेव्हा तिनं श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी मी ओसरीला पाय लावते न लावते तोच ती बोलली, "बाई, कडंला पळत्यात. बल्ब इतभर वर घेतला म्या."

न विचारता बोलली! मी फक्त "शहाणी आहेस" म्हटलं आणि उगीच पदरानं तोंड पुसलं.

पिल्लांमधली चौदा दुबळी निघाली, इतरांच्या पायाखाली यायची. ती तिनं वेगळी काढली. एका पाटीत चिंध्या घालून, रिकाम्या काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिल्लांच्या मधोमध ठेवल्या. पाणी निवलं की बदलायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनंच काढलं. वरून लुगड्याचा तुकडा टाकायची, तोही अर्धाच. पुरता झाकला की ती चिवचिवत्यात, म्हणाली.

गुरुवारी डीपी जळाला. जळायचाच होता, वाडीतल्या निम्म्या घरांनी आकडे टाकलेले. वीज कधी येईल याचा पत्ता नाही आणि थंडी तर हाड गोठवणारी. बायडाबाई धावत अंगणवाडीत आली. शनिवारी पोलिओचा डोस होता, सगळ्या घरांची यादी माझ्यापुढं पसरलेली, पेन चालत नव्हतं, दोन लेकरं भांडत होती.

"बाई, बलप गेला. आता कसं करू?"

"ऊब द्या," मी मान वर न करता म्हटलं. "वारं अजिबात लागू देऊ नका. अहो, तुम्ही एवढी बाळंतपणं केलीत, मी काय तुम्हाला शिकवणार!"

हे माझं वाक्य. शब्द न् शब्द असाच. बायडाबाई गेली, मी यादीत डोकं घातलं.

ती घरी गेली आणि तिनं बाळंतिणीची खोली केली. दोन वर्षं तिथं कुणी झोपलं नव्हतं, सरपण ठेवायची. सरपण काढलं. झरोक्यात नव्या चिंध्या कोंबल्या, दाराच्या बाजूच्या फटी लिंपल्या, पोतं टांगलं. आतमध्ये भुसा, कागद, रिंगण. बाभळीचे निखारे पाडून दोन घमेली आत ठेवली, पिल्लं पोळू नयेत म्हणून भोवती विटा लावल्या. ओव्याची धुरीसुद्धा दिली. ज्योती त्या खोलीत जाईना. उंबऱ्याबाहेरून पिल्लं आईच्या हातात देत होती, आणि चौदा दुबळ्यांची पाटी तिनं दिलीच नाही. "ही माज्यापाशी राहू दे. ओसरीतच." बायडाबाई म्हणाली, गारठ्यानं मरतील. ज्योती म्हणाली, "मरू दे." पाटी जवळ ओढून, बाटल्या भरून बसली. हे सगळं मला नंतर कळलं.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास साळवे एसटीतून उतरला, खांद्याला बर्फाचा डबा. वाटेत अंगणवाडी लागते, मी दार उघडत होते. दोघं बोलत बोलत निघालो. ज्योतीच्या घराजवळ आलो तर अंगणात बायडाबाई उभी, हातात झाडू. तिनं नुसतं आत बोट दाखवलं.

मी त्या घरात पहिल्यांदा शिरले तेव्हा मला अडवायला कुणाला भान नव्हतं.

पोत्याचा पडदा बाजूला केला तर ऊब तोंडावर आली. निखारे राखेखाली अजून धुगधुगत होते. आणि पिल्लं सगळीकडं सारखी पसरून बसलेली. मला क्षणभर वाटलं, बेस चाललंय. मग दिसलं की हालत नाहीत. माना कागदावर टेकलेल्या, काहींचे पंख थोडे सुटलेले. साळवेनं मला दंडाला धरून मागं ओढलं आणि आत जाऊन पहिल्यांदा झरोक्यातला बोळा उपसून फेकला, मग घमेली बाहेर काढली. उंबऱ्याजवळ, पडद्याखालच्या फटीशी सहा पिल्लं धडपडत होती, दारू प्यालेल्या माणसासारखी. ती त्यानं अंगणात उन्हात ठेवली. एकोणऐंशी मेलेली.

"रोग आला का हो, डाक्टर?" बायडाबाईनं विचारलं.

"रोग नाही, मावशी." त्यानं एक पिल्लू उचललं, खिशातलं पातं काढून छाती उघडली. आतलं सगळं लालभडक, कुंकू सांडावं तसं. "थंडीही नाही. थंडीनं ढीग केला असता. कोळशाचा वायू आहे हा. बंद खोलीत निखारे ठेवले की होतो. वास नाही, दिसत नाही. गुंगी येते आणि झोपेतच जातं."

मी ओसरीकडे पाहिलं. ज्योती पाटी कडेवर घेऊन उभी होती, केव्हा येऊन उभी राहिली कुणास ठाऊक. पाटीतली चौदाच्या चौदा चिवचिवत होती.

"डाक्टर," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, सपाट. "मानसाचं लेकरू मरतं का ह्यानं?"

बिचाऱ्या साळवेला काय माहीत! तो सरळ सांगत सुटला. "लेकरूच आधी जातं ताई, तान्हं असलं तर लगेच. मोठं माणूस वाचतं कधीकधी. पण त्याला जाग येत नाही, हलवून उठवावं लागतं. उठलं की ओकतं, डोकं फुटायला होतं. आणि गेलेल्याचे ओठ काळेनिळे पडत नाहीत, उलट गुलाबी दिसतात. लोकांना वाटतं, झोपलंय."

"गुलाबी हुते," ज्योती म्हणाली.

साळवे थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

ज्योतीनं पाटी खाली ठेवली. दोन वर्षांत ज्या खोलीत पाय ठेवला नव्हता तिच्या उंबऱ्यावर गेली, आत त्या पसरलेल्या पिल्लांकडं बघितलं, बराच वेळ. मग वळून आईला म्हणाली, "आये, ह्यांच्यावर कोन झोपलं हुतं?"

ओरडली नाही. रागही नव्हता आवाजात. खरोखर विचारत असल्यासारखं तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. बायडाबाईच्या हातातला झाडू खाली पडला.

"सांग की. तू म्हनलीस आंगाखाली घेतलं. सगळी म्हनली. म्या बी म्हनले, घेतलं आसंल. ह्यांना कोनी घेतलं?"

बायडाबाई खाली बसली. साळवे बर्फाच्या डब्याचा पट्टा उगीच आवळत होता.

शेवटी ज्योतीच म्हणाली, "डाक्टर, डोस द्यायचा हाय ना? ह्या इसांना द्या." मग दोघं अंगणात बसली. ती एकेक पिल्लू धरायची, तो डोळ्यात थेंब टाकायचा. हात जरासुद्धा हलत नव्हता तिचा. साळवेला जाता जाता तिनं विचारलं, कोळसा बाहेर पेटवून वर राख धरल्यावर आत आणला तर चालंल का. तो म्हणाला, नको, बाटल्याच बऱ्या, आणि खिडकी उघडी ठेवा.

पुढचं सांगून टाकते. वीस जगली, त्यातल्या चौदा तलंगा झाल्या, बाकीचे कोंबडे. पुढच्या वर्षी तिनं स्वतः जाऊन शंभर आणली आणि ब्याण्णव जगवली, वीज असो नसो, बाटल्यांवर. तोडीला परत गेली नाही. बातमी घाटाखाली पोचली तशी सासू आली, झालं गेलं विसर म्हणाली. ज्योतीनं तिला चहा दिला आणि परत पाठवलं. जालिंदरनं दुसरी केली. ज्योतीनं दुसरं लग्न केलं नाही, कुणी विषय काढला तर उठून जाते. हसते आता कधीकधी, पण मुकादमाची नक्कल काही पुन्हा केली नाही. एक मात्र आहे. गावात कुठंही बाळंतीण असली की ही जाते, न बोलावता जाते, झरोक्यातला बोळा काढते आणि घमेलं उचलून अंगणात आणून ओतते. म्हाताऱ्या शिव्या घालतात. ती ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

मी तो अहवाल दुरुस्त करायला तालुक्याला गेले होते. जुने कागद आता बदलता येत नाहीत म्हणाले. मी तिथं भांडले. पण भांडून काय, लिहिलं तर मीच होतं ना. ज्योतीला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "व्हय."

पण त्या शुक्रवारची दुपार सांगायची राहिली. मेलेली पिल्लं बायडाबाईनं एकटीनं परड्यात पुरली. मी पोलिओचं सांगायला घरोघर हिंडत होते, मन लागेना, म्हणून तीनच्या सुमाराला पुन्हा तिकडं गेले. अंगणात ज्योती पडलेली. खाली काही अंथरलेलं नाही, मातीवर उताणी, हात दोन्हीकडं फेकलेले, तोंड उघडं. मी धावणार तेवढ्यात ओसरीच्या पायरीवरून बायडाबाईनं हात वर केला.

"झोपलीय," ती हळूच म्हणाली. "हाक नका मारू."

मी तिच्याशेजारी टेकले. ती लेकीकडं बघत बोलत होती, माझ्याकडं नाही.

"दोन वरसं तिनं पाठ टेकवली न्हाई, बाई. भिंतीला टेकून बसून झोपायची. आडवं झालं की आंगाखाली कायतरी येतंय म्हनायची. म्या रोज बघायची. कवा म्हनले न्हाई तिला, आडवी हो."

थोड्या वेळानं म्हणाली, "लेकरू मारलं म्या, आन् बसून झोपली ती."

पाटीतली पिल्लं उन्हात इकडंतिकडं करत होती. मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडं तोंड वळवलं. "आता म्या कशी झोपू, बाई?"

तुम्ही मायेनं केलंत, असं मला म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. तुमच्याबरोबर मीही होते, असंही म्हणायला हवं होतं. पण ज्योती समोरच झोपली होती, आणि तिच्यादेखत यातलं काही बोलायची माझी हिंमत झाली नाही. ऊन सरकून पोरीच्या तोंडावर आलं, तशी बायडाबाई उठली, भिंतीला टेकवलेलं सूप घेतलं आणि लेकीच्या डोळ्यांवर सावली पडेल असं धरून उभी राहिली. मी निघाले तेव्हाही ती तशीच उभी होती.